सी गेलं, डी राहिलं

वैशाखात सावद्याला दुपारी तीन वाजता
माणसं पंख्याखाली पडून राहतात.
मी कॉम्प्युटरचं पोट उघडून
त्याला कूलरसमोर बसवलंय.
आत बोटभर धूळ, केळीच्या ट्रकांनी आणून दिलेली.
जुन्या टूथब्रशने झाडली.

चार दिवस तो साप चावल्यासारखा निळा पडत होता.
तेजल जळगावहून पेन ड्राइव्हवर नवी विंडोज घेऊन आली
आणि चारची बस चुकेल म्हणून
अर्ध्यातून उठून गेली.
जाताना एवढंच म्हणाली,
आत्या, सी पूस. डीला हात लावू नको.

सगळं काढून टाकायचं?
हो.
नक्की?
इतकं दोन-दोनदा
मला कधी कुणी विचारलं नव्हतं.

मागे पलंगावरून अण्णा,
"काहाले पुसती वं समदं?"
डीमध्ये आहे सगळं, अण्णा. पत्रिका, मसुदे, सगळं.
"डीत तं र्‍हाईन. पन फॉन्ट कुठी र्‍हातो,
ठाऊक हाय का तुले?"
मला ठाऊक नव्हतं.
बटण दाबून झालं होतं.

चौदा टक्के. लाइट गेली.
इन्व्हर्टर घरघरला, कूलर गप्प.
एकोणसाठवर गोल गोल ठिपके फिरत राहिले,
घाणीला जुंपल्यासारखे.
मग त्यानं नाव विचारलं.
नुसतं नाव, आडनावाला रकाना नव्हता.
मी बरं म्हणून भरलं.

डी उघडलं. वीस वर्षांच्या लग्नपत्रिका,
फैजपूरपासून रावेरपर्यंतच्या,
एकूण एक जागच्या जागी,
आणि एकीतही मराठी नाही.
कंस, डॉलर, तिरक्या रेघा,
डोक्यावर टोपी घातलेला ए,
उलटं टांगलेलं प्रश्नचिन्ह.
श्री कुलस्वामिनीच्या जागी तीन टक्केचिन्हं.

फॉन्टची सीडी सापडली ती बिबड्यांच्या बरणीखाली.
तिच्यावर बरणीचं गोल उमटलेलं.
ड्राइव्हनं ती तीनदा चाखली
आणि थुंकली.

अण्णा उठले. चष्मा बनियनला पुसला.
खुर्ची ओढून पडद्याला नाक लावून बसले
आणि वाचायला लागले.
खरंच वाचायला लागले,
टोपीवाल्या ए मधून, डॉलरमधून, घडाघडा:
चि. सौ. कां. मधुमालती, भंगाळ्यांची थोरली.
गोरज मुहूर्त, सहा वाजून बावीस मिनिटं.
आहेर आणू नये.
आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं!
"आन हे खाली तिन्ही पोट्टे, गुड्डू, पिंकी न् सोनू.
सोनू आता बँकेत हाय."

वीस वर्षं बोटं ज्या कळांवर पडली
त्या कळांच्या पाठीमागे काय असतं
ते बोटांनी पाहून ठेवलं होतं.

एक झाली, दुसरी झाली.
फिरक्यांची, झोप्यांची, वारक्यांची.
एका पत्रिकेत मुलाचे वडील हयात होते की नव्हते,
तेही त्यांनी एका स्वल्पविरामावरून सांगितलं.

अकरावी उघडली.
अण्णा थांबले.
"हे नाई लागत," म्हणाले. "याचा फॉन्टच गेला."

मी पाहिलं.
तेच कंस, तोच डॉलर.
चौथ्या ओळीत मुलीचं नाव असतं.
चार अक्षरं,
मघाशी मी रकान्यात भरली तेवढीच.

त्यांनी स्वतःच फुली दाबली.
माऊस जरा जास्तच जोरात.
"पुढची खोल."
मी पुढची खोलली.

लाइट आली तेव्हा
कोपऱ्यातलं घड्याळ पहाटेचे साडेचार दाखवत होतं,
अमेरिकेतले कुठले तरी.
ते मी सावद्यावर आणलं.
"पाच मिनटं पुढी ठेव," अण्णा म्हणाले,
"आन फुकटचा का होईना, फॉन्ट टाक एखादा.
बोंड्यांची पत्रिका उद्याच पाह्यजे."